कार्बनला न धरणारा धातू : एका अस्तराची कथा

१/ कल्हईवाला तांब्याचे भांडे तापवतो, त्यात नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो. नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ होतो व कथलाचा पातळ थर भांड्याला धरतो. तेच कथील कार्बनवर ओतले, तर अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होईल. वितळलेले अनेक धातू कार्बनला भिजवत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या इतिहासात हा स्वभाव फार महाग पडला.

२/ १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर अ‍ॅल्युमिनियमचे टोक बसवले गेले. तेव्हा हा धातू चांदीच्या तोलाचा होता. त्याचे खनिज विपुल होते. परंतु त्यापासून मिळणारे अ‍ॅल्युमिना वितळण्यास २,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागे.

३/ ओहायोतील ओबर्लिन येथील २२ वर्षांच्या चार्ल्स मार्टिन हॉलने वाट शोधली. क्रायोलाइट हा क्षार सुमारे १,००० अंशांवर वितळतो आणि अ‍ॅल्युमिना विरघळवतो. त्यातून वीज सोडूनही धातू मिळेना, कारण क्षार मातीच्या मुशीतील सिलिकाच खात होता. हॉलने मुशीला कार्बनचे अस्तर दिले आणि २३ फेब्रुवारी १८८६ रोजी रुपेरी गोळ्या हाती आल्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरूनेही हीच पद्धत स्वतंत्रपणे शोधली.

४/ अस्तराने धातू दिला, पण धातूशी त्याचे सूत जुळले नाही. पातळ थर कार्बनवर टिकत नाही, म्हणून भट्टीच्या तळाशी धातूचा जाड साठा ठेवावा लागतो. प्रचंड विद्युतप्रवाहाच्या चुंबकीय बलाने तो हेलकावतो. तो वरच्या धनाग्राला भिडू नये म्हणून मध्ये काही सेंटिमीटर अंतर राखावे लागते. त्या अंतरातील क्षाराचा विरोध ओलांडण्यात विजेचा मोठा वाटा खर्ची पडतो.

५/ विसाव्या शतकाच्या मध्यापासून संशोधक कार्बनवर टायटॅनियम डायबोराइडचा लेप देऊ पाहत आहेत, कारण अ‍ॅल्युमिनियम त्याला भिजवते. हा लेप वितळलेल्या फ्लोराइड क्षारांतून वीज सोडूनही चढवता येतो. क्रोमियम वा टायटॅनियम अशाच क्षारांतून कार्बनवर चढवले, तर सांध्यात कार्बाइड तयार होऊन थर घट्ट बसतो.

६/ लेप चढवता येतो. तप्त क्षारात तो वर्षानुवर्षे टिकवणे मात्र अवघड. म्हणून बहुतेक भट्ट्यांचा तळ आजही कार्बनचाच आहे. ज्या क्षाराने अ‍ॅल्युमिनियम स्वस्त केले, त्याच्याच जातीच्या क्षारांकडून आता कार्बनवरच्या टिकाऊ कल्हईची अपेक्षा आहे.