वसईच्या बागेत एक नेपल्सकर

बोईसरजवळच्या सरावलीत कारखान्यांची पाळी सुटलीय. कामगारांचे लोंढे बोईसर स्टेशनकडे निघालेत आणि तुम्ही उलट्या दिशेने, तारापूरच्या खाडीकडे चालताय. पावलागणिक वर्षं मागे पडतात. अणुवीज केंद्र नाहीसं होतं, मग आगगाडी. चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला ते १७३९ साल तर अजून यायचंय. तुम्ही उभे आहात १६९५च्या सुरुवातीला, आणि किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण आहे.

किनाऱ्यावर बोंबील वाळताहेत. दमणहून वसईला निघालेल्या गलबतात तुम्हाला जागा मिळते. शेजारी चाळिशी ओलांडलेला एक परदेशी बसलाय. जोव्हानी फ्रांचेस्को जेमेल्ली कारेरी, मूळचा कालाब्रियाचा, नेपल्समध्ये शिकलेला वकील. उच्च कुळातला नाही म्हणून बढतीची वाट बंद झाली, तेव्हा १६९३ साली त्याने घर सोडलं आणि पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. पदरी ना राजाचं फर्मान, ना स्वतःचं जहाज. मिळेल त्या गलबतातून पैसे मोजून जायचं, एका बंदरात माल घ्यायचा, पुढच्या बंदरात विकायचा आणि सगळं लिहून ठेवायचं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. त्या काळी जग बघण्याचं काम दर्यावर्दी, धर्मगुरू आणि वकिलातीचे लोक करत. हा नुसता बघायला निघाला होता.

वसईला उतरल्यावर त्याच्या मागोमाग तटाबाहेर पडा. कारेरी लिहितो की इथे १५ मैल बागाच बागा आहेत. माड, आंबे, केळी, ऊस. रहाट फिरतोय. मातीचे लोटे भरून वर येतात, पन्हळीत रिकामे होतात, पुन्हा विहिरीत उतरतात. पाटाचं पाणी उसाच्या सरीत शिरताना मातीचा जो वास सुटतो, तो छातीभर घ्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळेच या बागा कसतात. आणि झाडीत मधूनमधून पोर्तुगीज धनिकांची घरं. उन्हाळा तापला की ही मंडळी शहर सोडून इथे येतात. गारव्यासाठी, आणि किनाऱ्यावरच्या शहरांत माणसं खाणाऱ्या साथीपासून जीव वाचवायला.

नेपल्सच्या माणसाला हे दृश्य घरचंच. रोमन सरदार त्याच्याच उपसागराकाठी, बाइयाला, हवापालटाची घरं बांधत. शहर टाकून मळ्यावर जाण्याची ही चाल इटलीत इतकी रुजली की पुढे १७६१ साली नाटककार गोल्दोनीने त्या हौसेपायी कर्जबाजारी होणाऱ्या माणसांवर तीन नाटकं लिहिली. आजही १५ ऑगस्टला, फेर्रागोस्तोला, तिथली शहरं ओस पडतात. सम्राट ऑगस्टसच्या नावाची जुनी सुट्टी आणि मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण त्या एका दिवसात मिसळलेत. स्वातंत्र्यदिनाला जोडून रजा काढून रोमला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुकानांची दारं लागलेली दिसली तर हिरमुसू नका. लोकांच्या मागे समुद्रावर जा, तिथे सगळं घर, आजीसकट, जेवायला बसलेलं असतं.

इकडे वसईत कारेरीला मुलगी सांगून आलीय. कायदा जाणणारा माणूस हवाच आहे. लग्न कर, हुंडा घे, इथेच वकिली कर. तो नाही म्हणतो. या उष्ण मुलखात राहायचं त्याच्या मनात नाही, आणि अजून कान्हेरीची लेणी बघायचीत. ती तो खांबांसकट, मूर्तींसकट सविस्तर लिहून काढेल. मग गोवा. मग घाट चढून गलगल्याची मोगल छावणी आणि तिथे म्हाताऱ्या औरंगजेबाची भेट. पुढे चीन, मनिला, मेक्सिको. १६९९पासून नेपल्समध्ये त्याच्या प्रवासाचे सहा खंड छापले जातील. त्यातला तिसरा हिंदुस्थानचा. वसईच्या बागा त्यात आहेत.