इबादानचा इतिहास-संप्रदाय व त्याचीं दफ्तरें

आफ्रिका खंडांत गेलेल्या युरोपीयांचा इतिहास तेवढा आहे, बाकी सर्व अंधार, अशा आशयाचें मत ट्रेव्हर-रोपर या इंग्रज पंडितानें इ. स. १९६३ मध्यें जाहीरपणें मांडलें. त्याचें खंडन नायजेरियांतील इबादान नगरीं कृतीनें अगोदरच सुरू झालें होतें. संशोधनाची शक्ति एखाद्या देशांत कोणत्या क्रमानें उत्पन्न होते हें समजण्यास हा दाखला उपयुक्त आहे, म्हणून तो वाचकांपुढें ठेवितों.

इबादान येथील युनिव्हर्सिटी कॉलेज १९४८ सालीं लंडन विद्यापीठाच्या छत्राखालीं निघालें. लंडनची डॉक्टरेट मिळवून केनेथ डिके १९५० मध्यें तेथें अध्यापक झाले. जुने सरकारी कागद ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत विखुरलेले व दुर्लक्षित होते. त्यांची पाहणी डिके यांनीं केली. १९५४ मध्यें त्यांचा अहवाल निघाला, त्याच सालीं दफ्तर-कचेरी स्थापन झाली, व १९५७ च्या कायद्यानें तिला राष्ट्रीय दफ्तरखान्याचें रूप आलें. नायजेरियाचें इतिहास-मंडळ १९५५ मधलें, आणि त्याची पत्रिका १९५६ मधली. नायजर नदीच्या मुखाकडील व्यापार व राजकारण यांवरील डिके यांचा ग्रंथहि १९५६ मध्येंच प्रसिद्ध झाला. त्यांत ब्रिटिश दफ्तरांच्या जोडीस त्या प्रदेशांतील लोकांच्या तोंडच्या परंपराहि प्रमाण म्हणून घेतल्या आहेत. पुढें इबादान इतिहासमालेंत त्यांच्या सहकाऱ्यांचे व शिष्यांचे ग्रंथ निघूं लागले; अजायी यांचा ख्रिस्ती मिशनांवरील ग्रंथ १९६५ चा आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांस एक गोष्ट विशेष वाटेल. १९६४ मध्यें इबादान येथें अरबी हस्तलिखितांचें केंद्र निघालें. खाजगी घराण्यांकडील हस्तलिखितें मागून आणावयाचीं, त्यांचीं सूक्ष्मचित्रें घ्यावयाचीं, व मूळ पोथी मालकास परत करावयाची, अशी त्याची रीत होती. पोथी हिरावली जाणार नाहीं अशी खात्री पटल्यावांचून घराण्याची पेटी उघडत नाहीं, हें आम्हांस निराळें सांगावयास नको.

या कार्यावर संकटेंहि आलीं. १९६६ च्या रक्तपातानंतर डिके यांनीं इबादान सोडलें. १९६७ ते १९७० च्या यादवींत ते बियाफ्राच्या पक्षास होते, व नंतर हार्वर्ड येथें अध्यापन करूं लागले. १९८६ पासूनच्या आर्थिक काटकसरीच्या धोरणांत विद्यापीठांची दशा खालावली, आणि पुष्कळ विद्वान् परदेशीं गेले. समाजशास्त्र व देशाचा विकास या विषयांतहि हीच अडचण होती: प्रश्न आफ्रिकेचे, परंतु ते मांडणारे बाहेरचे. तिच्या परिहारार्थ १९७३ मध्यें डाकार येथें कोडेस्रिया ही अखिल आफ्रिकी संशोधन-परिषद स्थापन झाली.

हें सर्व पाहून आमचें मत असें झालें आहे कीं, इमारत व देणगी या संशोधनाच्या पायाच्या गोष्टी नव्हेत. कागद त्याच देशांत सुरक्षित राहणें, ते वाचून त्यांची यादी करणारा मनुष्य तेथेंच तयार होणें, आणि त्याचा शोध छापणारी पत्रिका त्याच्या हाताशीं असणें, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच शक्ति टिकते. इबादानचे पुष्कळ विद्वान् दूर गेले, तरी इबादान, एनुगू व कादुना येथील दफ्तरें जागींच राहिलीं. पुढच्या अभ्यासकास आरंभ करण्यास आधार उरला तो त्यांचाच.