मागाहून उठणारे व्रण



मी वैद्य नव्हे. आजच्या विषयाकडे मी वळलो तो एका गवंड्याच्या हातांमुळे. हा गृहस्थ सांगलीच्या आसपास वीस-बावीस वर्षे सिमेंटचे काम करीत होता. एके वर्षी त्याच्या दोन्ही हातांना खाज सुटली, बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठले, पुढे कातडीला भेगा पडून लस वाहू लागली. थापी धरवेना, म्हणून त्याने काम सोडले. युनियनच्या कचेरीत आला तेव्हा हातांना फडकी गुंडाळलेली होती. म्हणाला, "आण्णा, सायेब म्हणत्यात, सिमिटानं व्हायचं तर पैल्या वर्षीच झालं असतं. बावीस वर्सं काय झालं न्हाई, मग आत्ताच कसं? तुझं रक्तच बिघडलंय."

युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता. त्या दिवशी त्याला उत्तर देता आले नाही, याची मला शरम वाटली. कारण पुष्कळ आधी घडावे आणि त्याची खूण कातडीवर फार उशिरा उमटावी, असे होते का? होत असेल तर ते माणसांना कधी आणि कसे कळले? या प्रश्नाच्या मागे मी जो हिंडलो, त्याचा वृत्तान्त आज आपणापुढे ठेवतो.

आरंभ आपल्याच मुलखातून करू. सज्जनगडावर ज्यांनी देह ठेवला त्या समर्थांनी दासबोधात शरीराच्या व्याधींची एक लांबलचक यादी दिली आहे. तीत खरूज, पुळ्या, देवी, गोवर यांच्या पंगतीला नारू बसलेला आहे. म्हणजे सतराव्या शतकात हा शब्द ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता. माझी आजी खटाव तालुक्यातली. तिच्या लहानपणी नारू झालेला माणूस म्हणजे उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य. पायाच्या घोट्याजवळ फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी डोकावायचे. गावातला जाणता माणूस ते काडीवर गुंडाळी आणि रोज बोट दोन बोटे ओढून घेई. घाईने ओढावे तर तुटे, आणि आत तुटलेला नारू पाय असा सुजवी की माणूस महिना दोन महिने उठत नसे. मशागतीचे दिवस तोंडावर आणि घरचा कर्ता पुरुष खाटेवर! कोणी म्हणे अंगातली उष्णता उसळली, कोणी म्हणे अनवाणी चालण्याने किडा शिरला, कोणी देवाचा कोप म्हणे. फोड आज आला म्हणजे कारण काल-परवाचेच असणार, हा सर्वांच्या बोलण्यातला समान धागा. ते कारण वर्षभर मागे पडले आहे ही शंका कोणालाच आली नाही, आणि यावी तरी कशी? गेल्या चैत्रात कोणत्या विहिरीचे पाणी प्यालो, हे आपल्यापैकी कोण सांगू शकेल?

पहिला दुवा हाती लागला तो परमुलखात. १८७० साली फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाला तुर्कस्तानात असे दिसले की नारूची सूक्ष्म पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या पिसवेएवढ्या जीवाच्या पोटात शिरतात आणि तेथे वाढतात. तरीही असे पाणी प्याल्याने माणसाला नारू होतो, हे माणसावरच सिद्ध व्हायचे राहिले होते. ते काम मुंबईत झाले. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे, तेथील डॉ. तर्खड यांनी १९१४ च्या सुमारास असे सायक्लॉप्स माणसांच्या पोटात जाऊ दिले आणि यथावकाश त्यांना नारू आला. आपल्याकडच्या एका संशोधकाने हे केले, पण आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्याची ओळही नाही. आम्हांला रशियन माणसाचे नाव आधी सापडते.

आता या किड्याचे चरित्र पाहा. पाण्याबरोबर सायक्लॉप्स पोटात जातो. तो जठरात मरतो, पण त्याच्या आतली नारूची पिल्ले सुटतात आणि आतड्याची भिंत भेदून अंगात शिरतात. नर-मादीचा संग होतो, नर मरतो, मादी वाढत राहते. दहा ते चौदा महिने ती माणसाच्या देहात बिनभाड्याची राहते आणि हात-सव्वा हात किंवा त्याहूनही लांब होते. या अवधीत घरधन्याला काही म्हणता काही समजत नाही. मग ती बहुधा पायाकडे उतरते आणि कातडीखाली येऊन फोड उठवते. आगीने हैराण झालेला माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडते. आता आपल्या पायविहिरी आठवा. साताऱ्याजवळ लिंबला १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारामोटेची विहीर आपण पाहिली असेल. त्या बांधणीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरायचे, पाय बुडवून घागर भरायची, ही पायविहिरीची रीतच नारूच्या पथ्यावर पडणारी. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते, सगळे गाव त्याच डबक्यात उतरते. या वर्षी ज्याचा पाय बुडाला त्याचे देणे पुढच्या वर्षी पाणी पिणाराने फेडायचे.

एकदा कारण आणि व्रण यांच्यामधले वर्ष ध्यानात आले, तेव्हा उपाय किती साधा निघाला! नारूवर औषध नाही, लस नाही. पायऱ्या बंद करणे, विहिरीला कठडा घालून वरून पाणी शेंदणे, दुहेरी फडक्यातून पाणी गाळणे, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारणे, हातपंप बसवणे, एवढेच. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. गाळण्याचे फडके आपल्या आज्यांकडे होतेच. ते कोणत्या शत्रूसाठी धरायचे, तेवढे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

नारूचे अंतर एका वर्षाचे. कुष्ठरोगाचे अंतर सरासरी पाच वर्षांचे, क्वचित वीस वर्षांचेही. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली याचा जंतू पाहिला. हा जंतू विलक्षण आळशी आहे. पटकीचा जंतू तासाभराच्या आत एकाचे दोन होतो. याला त्यासाठी बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग लहानपणी व्हावा आणि पहिला बधिर चट्टा ऐन पंचविशीत दिसावा, यात नवल काही नाही. पण या अंतरामुळे किती संसार मोडले असतील! सून घरात आल्यावर चार वर्षांनी चट्टा दिसला की ती रोग घेऊन आली, नवऱ्याला दिसला की तिने दिला. आणि कोणाकडूनच आलेला दिसेना तेव्हा पूर्वजन्मीचे पाप. कायदाही त्याच वाटेने गेला. १८९८ चा कायदा रोग्याला कोंडण्याचा होता, तो २०१६ मध्ये रद्द झाला. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते २०१९ मध्ये वगळले गेले. मिरजेसारख्या ठिकाणी मिशनच्या डॉक्टरांनी या रोग्यांना दारात घेतले, तेव्हा समाज त्यांना गावकुसाबाहेरही उभे करीत नव्हता. १९८१ पासून अनेक औषधांचा एकत्र उपचार आला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. औषध लवकर मिळाले. पापाची कल्पना जायला अधिक वेळ लागतो आहे.

पण माझा गवंडी? त्याच्या अंगात ना किडा ना जंतू. त्याचे उत्तर मला युरोपच्या इतिहासात मिळाले. १९५० साली स्वित्झर्लंडचे येगर आणि पेलोनी या दोघांनी दाखवून दिले की सिमेंटने ज्यांचे हात फुटतात अशा गवंड्यांची कातडी क्रोमियमच्या क्षाराला विलक्षण चिडते. सिमेंटमध्ये हा क्षार अत्यल्प असतो. ओल्या सिमेंटचा दाहकपणा निराळा; तो पहिल्या दिवशीही कातडी भाजतो. क्रोमियमचे तसे नाही. तो कातडीतून आत झिरपतो, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी एखाद्या दिवशी त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. ते शिकणे काही आठवड्यांत होईल, काही वर्षांत होईल किंवा कधीच होणार नाही. मात्र एकदा शिकल्यावर त्या पेशी जन्मभर विसरत नाहीत. मग चिमूटभर सिमेंटही पुरते. म्हणजे 'बावीस वर्षे काही झाले नाही' हा पुरावा सिमेंटच्या बाजूचा नव्हताच. ती बावीस वर्षे म्हणजे शिकवणीचा काळ होता! कोयनेच्या भिंतीपासून आपल्या वाडीवस्तीच्या शाळेपर्यंत किती हातांनी ही शिकवणी घेतली असेल, त्याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटावर नाही. डेन्मार्कने १९८१ पासून सिमेंटमध्ये लोहाचा एक क्षार मिसळून क्रोमियमचा दात काढला, युरोपने २००५ पासून त्यावर मर्यादा घातली. उपाय इतका स्वस्त आहे.

हीच गोष्ट शेतात काँग्रेस गवताची. पुण्यात हे गवत प्रा. परांजपे यांनी १९५१ साली पाहिले. १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. अमेरिकेशी पी. एल. ४८० चा गव्हाचा करार झाला तोही १९५६ चा. त्या करारानेच हे गवत आणले, असे मी स्वतः व्यासपीठावरून गर्जून सांगितले आहे. एका शिक्षकाने सभेनंतर मला हळूच १९५१ चे साल दाखवले. नजरेसमोर जे असते त्यावर आळ घेण्याची खोड एकट्या ठेकेदारालाच असते असे नाही. असो. हे गवत उपटणाऱ्या माणसांचे चेहरे, माना, हात पुढे चट्ट्यांनी भरू लागले, पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हंगामामागून हंगाम गवत उपटणाऱ्या बाईला एखाद्या वर्षी एकाएकी चट्टे उठतात, आणि घरचे म्हणतात, काहीतरी खाण्यात आले.

इंग्लंडात याहून लांबचे अंतर दिसले. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांच्या तेलाने कामगारांचे कपडे भिजत. तीस-चाळीस वर्षांनी त्याच जागी कातडीचा कर्करोग उठे. १८८७ साली मँचेस्टरला त्याची पहिली नोंद झाली. तो तेलामुळे होतो हे १९२२ साली कागदपत्रे चाळून दाखवावे लागले. मध्ये पस्तीस वर्षे गेली.

आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने व्यवसायजन्य रोगांना अपघातच मानले, ही मोठी गोष्ट झाली. क्रोमियममुळे होणारे विकार त्याच्या परिशिष्टात आले. रोगाच्या बाबतीत अपघाताचा दिवस कोणता? तर त्या रोगामुळे माणूस सलग कामावर येऊ शकला नाही त्यातला पहिला दिवस. आणि तेथून दोन वर्षांत दावा. काम सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तरी त्यांची दखल होती. लँकेशायरच्या चाळीस वर्षांपुढे ही दोन वर्षे तोकडीच. पण कारण आणि व्रण यांच्यामध्ये काळ असू शकतो, एवढे तरी कायद्याने मान्य केले होते.

आमच्या गवंड्याने त्या दोन वर्षांतले बहुतेक दिवस रक्तशुद्धीची औषधे पिण्यात घालवले होते. मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने त्याच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. पहिल्या दिवशी काही दिसले नाही. तो मला म्हणाला, "बघा, काय न्हाई." दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा एक जागा लालसर होती, चौथ्या दिवशी तेथे बारीक फोड उठले. ती पट्टी क्रोमियमची होती. हजेरीची कार्डे तीन ठेकेदारांच्या नावांची होती, ती जुळवायला आणखी एक महिना गेला. दावा दाखल केला तेव्हा मुदतीतले एकोणीस दिवस उरले होते.