लोणारचे विवर : काचेने दिलेली साक्ष

जगातील भूगर्भशास्त्रज्ञांना आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे नाव ठाऊक आहे ते मुख्यतः लोणारच्या सरोवरामुळे. हे सरोवर उल्कापाताने तयार झाले, हे आज प्राथमिक शाळेतला मुलगाही सांगतो. पण "कशावरून?" असा उलट प्रश्न केला तर त्याचे वडीलही गप्प बसतात. विद्यार्थी मित्रांनो, या "कशावरून"चे उत्तर मिळण्यास तब्बल दीडशे वर्षे लागली आणि मध्यंतरी मोठमोठ्या विद्वानांनी चुकीचे उत्तर दिले. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. भोवतीच्या शेतजमिनीपेक्षा त्याची कड सुमारे २० मीटर उंच आहे आणि कडेवरून पाण्यापर्यंतची खोली सव्वाशे मीटरहून अधिक भरते. आत पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. ऊन पाणी नेते आणि क्षार मागे ठेवते. त्यामुळे सरोवराचे पाणी खारे आणि सोड्यासारखे आहे. काठावर मात्र धारेसारखे गोड्या पाण्याचे झरे वाहतात.

अबुल फजल याने अकबर बादशहाच्या राज्याची माहिती 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात संकलित केली. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचाही उल्लेख आहे. एक कोस लांब-रुंद जलाशय, भोवती उंच डोंगर, पाणी खारे पण काठाला गोडे, काच आणि साबण करण्यास लागणारा माल येथे मिळतो आणि त्यातून सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तो लिहितो. हे स्थान ब्राह्मण लोक विष्णुगया म्हणून पवित्र मानतात, हेही तो नमूद करतो. चारशे वर्षांपूर्वीची ही नोंद एखाद्या तलाठ्याने लिहावी इतकी चोख आहे. त्यातील 'काच' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तो पुढे दुसऱ्याच अर्थाने परत येणार आहे.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने हे स्थळ असाधारण असल्याची नोंद केली आणि तेथून युरोपीय विद्वानांचे लक्ष इकडे वळले. आता या लोकांनी काय पाहिले? चोहीकडे काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, हे त्यांना माहीत होते. लाव्ह्याच्या प्रदेशात वाटीसारखा गोल खड्डा दिसला, तर तो ज्वालामुखीचे मुख असणार, असा तर्क त्यांनी केला. तर्क वेडगळ नव्हता. तुम्हीआम्हीही तोच केला असता. अमेरिकेचे प्रसिद्ध भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी १८९६ साली ॲरिझोनामधील अशाच एका विवराची लोणारशी तुलना केली आणि दोन्ही ज्वालामुखीच्या स्फोटाने झाली असावीत, असे मत दिले. दोन्ही ठिकाणी ते चुकले. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारवर लेख लिहिला. त्यांनीही ज्वालामुखीशीच संबंध जोडला.

या मतात एक अडचण होती. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलांब भेगांतून वाहिला. विवर मात्र अगदी ताजे दिसते. इतक्या कोटी वर्षांत त्याची कड झिजून सपाट व्हावयास हवी होती, ती झालेली नाही. मग ज्वालामुखी शांत झाल्यानंतर एवढ्या काळाने हा स्फोट कोठून आला?

१९६४ साली लाफाँ आणि डिट्झ यांनी हे विवर उल्कापाताचे असावे, असा विचार मांडला. पण विचार म्हणजे पुरावा नव्हे. १९७२ साली नायक या भारतीय संशोधकाने विवराभोवतीच्या काचेसारख्या खड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा लेख 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात आला आणि वाद जवळपास मिटला. यातील दोघे आपल्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. सरोवराच्या तळाशी खोल छिद्रे पाडून, गाळाखालचा चुरडलेला खडक वर काढून त्यांनी तपासला. त्यात मास्केलिनाइट नावाची काच सापडली.

ही काच भट्टीत होते तशी वितळून झालेली नसते. खडकातील स्फटिकाला एका क्षणात काही लाख वातावरणांइतका दाब बसला, तर त्याची बाहेरची ठेवण तशीच राहते, पण आतील कणांची रचना कोलमडून तो काच बनतो. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो देते फक्त आकाशातून प्रचंड वेगाने येऊन आदळणारी वस्तू. योगायोग असा की, ही काच पहिल्यांदा ओळखली गेली तीही भारतात पडलेल्या दगडातच. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या उल्केत ती होती, आणि ती उल्का मंगळावरून आली, असे आता मानतात.

वर्गात मुले हमखास विचारतात, "सर, मग ती उल्का गेली कोठे?" प्रश्न रास्त आहे. एवढ्या वेगाने आदळणाऱ्या वस्तूची सगळी गती क्षणात उष्णता बनते आणि तिचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन जातो. लोणारला उल्केचा मोठा तुकडा सापडलेला नाही. उरले ते कडेबाहेर दूरवर फेकले गेलेले दगडमाती आणि काचेचे बारीक खडे. आज तेथे शेते आहेत, वस्ती आहे. सहलीला नेलेल्या मुलांनी तेथील खडे खिशात घालू नयेत, असे मी बजावतो. दीडशे वर्षांचा वाद ज्याने मिटवला, तो पुरावा असल्याच खड्यांत आहे. चंद्राचा आणि मंगळाचा पृष्ठभागही बराचसा अशाच काळ्या पाषाणाचा असल्यामुळे, तेथील विवरे समजून घेण्यासाठी परदेशचे शास्त्रज्ञ लोणारला येतात.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा जिल्ह्यात नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले की, फार खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे ते रंगद्रव्य होते. उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला, म्हणून ते जीव फोफावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला.

एक प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही, तो वयाचा. १९९० च्या दशकात काचेत साठलेल्या प्रकाशऊर्जेवरून सुमारे ५२ हजार वर्षे हे वय काढण्यात आले आणि तोच आकडा बऱ्याच पुस्तकांत शिरला. २०११ साली आरगॉन वायूच्या मापनावरून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. म्हणजे दहापटींहून अधिक फरक! मला दुसरा आकडा अधिक भरवशाचा वाटतो, पण विवर एवढे ताजे कसे राहिले, या प्रश्नाचे समाधान त्याने व्हावयाचे आहे. परीक्षेत कोणता आकडा लिहावा, असे मुले विचारतात. मी त्यांना दोन्ही लिहावयास सांगतो, आणि प्रत्येकापुढे तो कशावरून काढला तेही.