उंचीच्या रेषेची कुळकथा

पाळण्यातील कन्येची लांबी ठरावीक काळाने मोजावी, ती आलेखावर टिंबाने दाखवावी आणि त्या टिंबांतून जाणारी रेषा पाहून तिच्या प्रकृतीविषयी अनुमान बांधावे, ही रीत आज दवाखान्यापासून अंगणवाडीपर्यंत रुजलेली असली, तरी तिचे कूळ शोधू गेल्यास आपण अठराव्या शतकातील फ्रान्सात, बर्गंडी प्रांतातील एका सुविद्य गृहस्थाच्या घरी जाऊन पोहोचतो. आणि तेथे मोजला जात असतो तो मुलगा, मुलगी नव्हे.

फिलिबेर गेनो द मोंबेयार हे त्या गृहस्थाचे नाव. विख्यात निसर्गवेत्ता बुफाँ याचा तो स्नेही आणि पक्षिवर्णनाच्या कामातील सहकारी. १७५९ साली त्याला पुत्र झाला, आणि तेव्हापासून तो अठरा वर्षांचा होईपर्यंत साधारणतः दर सहा महिन्यांनी या पित्याने त्याची उंची फूट, इंच व इंचाच्या बाराव्या हिश्श्यापर्यंत टिपून ठेवली. बुफाँने ती मोजदाद १७७७ मध्ये आपल्या निसर्गेतिहासाच्या पुरवणीत छापली, आणि मूल हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात अधिक वाढते हे या नोंदींतील निरीक्षणही तीत आले. दीडशे वर्षांनी, १९२७ साली, रिचर्ड स्कॅमन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने ते सारे आकडे मेट्रिक मापांत उतरवून पुन्हा प्रसिद्ध केले. वाढीचा वेग जन्मानंतर सतत उतरत जातो आणि पौगंडावस्थेत एकदा उसळी घेतो, ही गोष्ट त्या एकट्या मुलाच्या नोंदींवरून आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस शिकविली जाते. एकाच बालकाचा इतक्या सातत्याने ठेवलेला हिशेब हे पितृप्रेमाचे आणि शास्त्रबुद्धीचे दुर्मीळ मीलन होते, याविषयी मला शंका नाही.

मुलींची मापे शास्त्राच्या दफ्तरात ठळकपणे आली ती पुढच्या शतकात. ब्रुसेल्सच्या अडॉल्फ केतले याने १८३५ च्या आपल्या ग्रंथात मुलामुलींच्या सरासरी उंचीचे तक्ते दिले खरे. पण मुलीची वाढ ही मुलाच्या वाढीची लहानशी प्रतिकृती नसून तिला स्वतःचे वेळापत्रक आहे, हे ठसठशीतपणे दाखवून देण्याचे श्रेय बॉस्टनच्या हेन्री बाउडिच या शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे जाते. त्याने प्रथम आपल्या नात्यागोत्यातील मुलामुलींची वर्षानुवर्षे घेतलेली मापे तपासली, आणि मग बॉस्टनच्या शाळांतील हजारो विद्यार्थ्यांची मोजणी करवून १८७७ साली असे मांडले की बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास मुली त्याच वयाच्या मुलांहून उंच असतात. पुढे, १८९१ मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन याने रूढ केलेली शततमकांची पद्धत त्याने बालकांच्या मापांस लावली. शंभर समवयस्क मुली उंचीने ओळीत उभ्या केल्या तर आपली कन्या कितव्या स्थानी येईल, हे सांगणाऱ्या आजच्या रेषा तेथून निघाल्या.

तान्ह्या मुली मात्र अद्याप उपेक्षितच होत्या. अमेरिकेत १९७७ साली निघालेले आणि लवकरच जागतिक आरोग्य संघटनेने जगभर चालू केलेले तक्ते पहिल्या तीन वर्षांपुरते ओहायो राज्यातील एका गावी झालेल्या अभ्यासावर आधारलेले होते, आणि त्यांतील बहुतेक बालके बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणाऱ्या मुलीला अशा मोजपट्टीने तोलणे हा अन्यायच होता. तो दूर करण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील, स्तनपान मिळालेल्या व चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या सुमारे साडेआठ हजार बालकांची मापे घेण्यात आली. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. परिस्थिती अनुकूल असली की पहिल्या पाच वर्षांत निरनिराळ्या देशांतील मुले जवळजवळ सारखीच वाढतात, हा त्यातून निघालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. या मापांवरून बनवून २००६ साली जाहीर झालेली प्रमाणके भारताने २००८ मध्ये स्वीकारली.

या प्रमाणकांत मुलीचा तक्ता निराळा आहे, आणि तो निराळा का हवा हे आकडेच सांगतात. जन्मतः मुलीची मध्यम लांबी ४९.१ सेंटिमीटर, वर्षाअखेरीस ७४.०, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निजवून मोजल्यास ८६.४, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे पंचवीस सेंटिमीटरची भर, तर दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मी. हा उतार पाहून घाबरणाऱ्या मातेला तो निसर्गाचाच जाबता आहे हे कोणीतरी शांतपणे सांगितले पाहिजे. आता वर्षाची एखादी मुलगी ७० सेंटिमीटर भरली, तर मुलांच्या तक्त्यावर ती खुंटलेली ठरेल, कारण तेथील खालची मर्यादा ७१.० आहे; मुलींच्या तक्त्यावर ती ६८.९ असल्याने तीच कन्या निकोप ठरते.

अर्थात हे सारे माप खरे असेल तर. दोन वर्षांपर्यंत मुलीला लांबीफळ्यावर उताणे निजवून, एकाने डोके वरच्या फळीस टेकवून धरायचे आणि दुसऱ्याने गुडघे सरळ करून खालची फळी तळव्यांना भिडवायची, असा दोघांचा कारभार लागतो. अंथरुणावर टेप धरून घेतलेल्या मापावर विसंबू नये. दोन वर्षांनंतर उभे करून मोजतात, आणि उभ्याने माप सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते, तेव्हा त्या दिवशी मुलगी आखडली असे कोणी मानू नये. आपल्या अंगणवाड्यांतून दीर्घकाळ भर होता तो वजनावर. २०१८ मध्ये राष्ट्रीय पोषण अभियान सुरू झाल्यावर उंची मोजण्याची साधने तेथे मोठ्या प्रमाणावर पोहोचू लागली.

एकाच मापावरून निवाडा करणे मात्र चुकीचे. पहिल्या दोन वर्षांत पुष्कळ मुली आपली रेषा बदलतात, कारण जन्माची लांबी गर्भाशयातील पोषणावर अवलंबून असते, आणि आईबापांच्या उंचीचा वारसा त्यानंतर हळूहळू प्रकट होतो. त्यानंतरही रेषा खाली घसरतच राहिली, तर आहार, वारंवार येणारे आजार, अवटुग्रंथी यांचा तपास करावा. आणि मुलीच्या बाबतीत टर्नर विकाराचाही, कारण एक्स गुणसूत्रातील या उणिवेचे कित्येकदा ठेंगणेपण हेच पहिले दृश्य लक्षण असते. ‘मुलगीच ती, उंचीचे काय एवढे’ म्हणून ही घसरण दुर्लक्षिली गेली, तर वृद्धिसंप्रेरकाच्या उपचारास उशीर होतो. तो जितका लवकर सुरू होईल तितका त्याचा लाभ अधिक.