उर्दूतलं दप्तर आणि खुली माहिती

गंगापूर तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्याची दरबारी भाषा उर्दू. वरच्या कचेऱ्यांचा कारभार तीतच चाले. शेत मराठी माणसाचं, पण त्याची सरकारी नोंद वाचायला दुसरा माणूस गाठावा लागे! श्रोतेहो, ही अडचण निजामाबरोबर संपली नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज पडली.

माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रानं 2002 मध्ये केला, केंद्रानं 2005 मध्ये. केंद्रीय कायद्याचं चौथं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. सरकारनं अर्जाची वाट न पाहता, स्थानिक भाषेचा विचार करून, आपणहून माहिती द्यावी, असं ते सांगतं. 2012 मध्ये केंद्रानं खुल्या आकडेवारीचं संकेतस्थळ काढलं. 2018 मध्ये डिजिटल सहीचा सातबाराही आला.

वाट बरोबर आहे. पण जुन्या कागदांची नुसती छायाचित्रं संगणकावर चढवून भागणार नाही. नोंदींचं मराठी लिप्यंतर, गाव आणि गटानुसार शोधायची सोय, चूक दुरुस्त करून घ्यायची जागा, यासाठी सरकारनं पैसा आणि माणसं दिली पाहिजेत. ज्याच्या नावाची नोंद आहे, त्याला ती वाचता आली, तरच दप्तर खुलं झालं म्हणायचं.