लग्नाचा दाखला

आज आपण एका नाटकवाल्याची आणि त्याच्या बायकोची गोष्ट ऐकणार आहोत. गोष्ट आयर्लंडची आहे, पण ऐकताना ती लांबची वाटणार नाही.

डिऑन बूसिको डब्लिनमध्ये जन्मला. 1841 साली लंडनमध्ये त्याचं नाटक गाजलं, आणि मग मरेपर्यंत तो नाटकं लिहीत आणि त्यांत कामं करत राहिला. त्याची बायको अ‍ॅग्नेस रॉबर्टसन स्कॉटलंडची, तीही नावाजलेली नटी. 1853 मध्ये दोघं अमेरिकेला गेली.

1860 साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं 'द कोलीन बॉन' रंगवलं. त्यामागे खरी घटना होती. 1819 मध्ये शॅनन नदीत एलन हॅन्ली या गरीब घरच्या पोरीचा खून झाला. मोठ्या घरच्या तरुणानं तिच्याशी गुपचूप लग्न केलं आणि काही दिवसांतच नोकराकरवी तिला संपवलं. पुढे दोघंही फासावर गेले.

नाटकातल्या मुलीचं नाव आयली. नवऱ्याचं घर कर्जात बुडालेलं, श्रीमंत सून आली तर जमीन वाचणार. म्हणून तो आयलीकडे लग्नाचा दाखला मागतो. वेडी पोर, प्रेमापोटी द्यायलाही तयार होते! पण गावचा पाद्री तिच्याकडून शपथ घेतो, की हा कागद कधीच हातचा सोडायचा नाही. मग नवऱ्याचा नोकर तिला पाण्यात ढकलतो, आणि मायल्स नावाचा एक फटिंग गडी उडी घेऊन तिला वाचवतो. आयली झाली होती अ‍ॅग्नेस. मायल्स, खुद्द बूसिको. लंडनला राणी व्हिक्टोरियानं हे नाटक पुन्हा पुन्हा येऊन पाहिलं.

आता पुढचं ऐका. 1885 साली बूसिको ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. वय साठीच्या पुढे. तिथं त्यानं आपल्याच कंपनीतल्या एका तरुण नटीशी लग्न लावलं, आणि वर म्हणाला, अ‍ॅग्नेसशी माझं कायदेशीर लग्न झालंच नव्हतं. तीस वर्षांहून जास्त संसार, सहा मुलं! आयलीचा दाखला ज्यानं लिहून राखला, त्यानंच हे म्हणावं, याचा आम्हाला राग येतो.

अ‍ॅग्नेस गप्प बसली नाही. ती लंडनच्या कोर्टात गेली. 1888 मध्ये कोर्टानं तिचं लग्न खरं धरलं, आणि मगच घटस्फोट दिला. बूसिको 1890 ला न्यूयॉर्कमध्ये वारला. अ‍ॅग्नेस 1916 पर्यंत होती. तिची मुलगी नीना 1904 साली लंडनच्या रंगमंचावर पहिला पीटर पॅन झाली, आणि ते नाटक बसवलं होतं नीनाच्या सख्ख्या भावानं.